कायद्यातले नाव आणि वाळूतला मासा

तळेगावच्या उशाशी असलेली इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते, म्हणून मावळात पडलेला पाऊस पूर्वेचाच, हा शाळेच्या भूगोलातला पाठ खरा असला तरी तो पुरा नाही. टाटांच्या जलविद्युत योजनांनी या पाण्याचा मोठा हिस्सा शंभर वर्षांहून अधिक काळ उलट दिशेने फिरवलेला आहे. लोणावळा, वळवण आणि शिरोता येथील तलावांचे पाणी १९१५ पासून खोपोलीच्या वीजगृहातून पाताळगंगेत, आंद्रा नदीवरील ठोकळवाडीच्या धरणाचे १९२२ पासून भिवपुरीमार्गे उल्हासच्या खोऱ्यात आणि मुळशीचे १९२७ पासून भिऱ्यावरून कुंडलिकेत उतरते. पाताळगंगा धरमतरच्या खाडीकडे जाते, उल्हास वसई आणि ठाण्याच्या खाड्यांकडे, कुंडलिका रेवदंड्याकडे. म्हणजे ज्या गावाला समुद्र दिसत नाही त्याच्या परिसरातले पाणी, पावसाळा संपून कोकणातल्या नद्या रोडावल्यावरही, खाड्यांच्या मुखाशी पोहोचत असते. गोडे आणि खारे पाणी जेथे मिसळते, नदीने आणलेला गाळ आणि समुद्राने लोटलेली वाळू जेथे थरांनी बसते, असा खाडीमुखांचा आणि किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्राचा जो पट्टा डहाणूपासून तेरेखोलपर्यंत आणि पुढे गोव्यात पसरलेला आहे, तो या व्याख्यानाचे क्षेत्र होय. त्या पट्ट्यात तळाला पोट टेकून जगणारा, एकेकाळी जाळ्यात आला तरी ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे असा आणि आज जगातील सर्वाधिक धोक्यात आलेल्या समुद्री माशांत गणला जाणारा गिटारफिश हा त्याचा विषय आहे.

पाकट हा शब्द कोकणात आणि मुंबईच्या बाजारात सर्वांना परिचित आहे. चपटे, पंख्यासारखे पसरलेले शरीर, चाबकासारखी शेपटी आणि शेपटीच्या मुळाशी विषारी, करवती कडांचा काटा अशी त्याची ओळख. शास्त्रीय दृष्टीने पाकट हा मुशीचा, म्हणजे शार्कचा, सख्खा नातेवाईक आहे. दोघांच्याही शरीरात हाड नावाची वस्तू नसते. सांगाडा सगळा कूर्चेचा, म्हणजे माणसाच्या बाहेरच्या कानात असते तशा लवचिक पदार्थाचा असतो, आणि म्हणून या दोघांना मिळून कास्थिमत्स्य म्हणतात. दोघांत फरक ओळखण्याची खूण एकच, आणि ती पक्की आहे : कल्ल्यांच्या फटी शरीराच्या बाजूला असतील तर ती मुशी, आणि पोटाच्या बाजूला असतील तर ते पाकट. या खुणेने पाहिले की काही प्राणी आपली जागा बदलतात. लांब, दोन्ही कडांना दात असलेल्या सोंडेचा करवत मासा दिसतो मुशीसारखा, पण त्याचे कल्ले पोटाखाली असल्याने तो पाकटांच्या कुळातला ठरतो. गिटारफिशचेही तसेच आहे.

या माशाचा पुढचा अर्धा भाग पाकटाचा आणि मागचा अर्धा मुशीचा आहे. डोके, छाती आणि छातीचे पर एकमेकांत मिसळून पुढे पाचरीच्या आकाराची सपाट तबकडी होते, आणि तिच्यातून जाड, स्नायूंनी भरलेली शेपटी निघते, जिच्यावर मुशीसारखे दोन उभे पर असतात. पाकट पंख हलवून पोहते, गिटारफिश मात्र शेपटी डावी-उजवी मारत मुशीसारखा पुढे सरकतो. ॲरिस्टॉटललाही या माशाने कोड्यात टाकले होते. मुशीसारखा एक मासा आणि पाकट यांच्या संकरातून तो जन्मत असावा असे त्याने लिहून ठेवले, आणि त्याने वापरलेला ‘ऱ्हायनोबेटॉस’ हा जोडशब्द आजही एका प्रजातीचे शास्त्रीय नाव म्हणून टिकून आहे. गिटार हे नाव पुष्कळ नंतरचे आणि दुसऱ्या मुलखातले. कोकणात याला काय म्हणतात या प्रश्नाचे उत्तर बंदरागणिक वेगळे मिळते, आणि नावांचा हा गोंधळ केवळ भाषेपुरता राहिलेला नाही, हे पुढे दिसेल.

जवळून पाहिले तर या प्राण्याच्या शरीराचा प्रत्येक भाग वाळूसाठी घडवलेला आहे असे वाटते. पाठ तपकिरी, ओल्या वाळूच्या रंगाची, पोट पांढरे. त्वचेवर खवले नसून सूक्ष्म, दातांसारखे कण असतात, त्यामुळे पाठीवरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर कानशीसारखी खरखर लागते. मासा तळाला बसला की परांच्या कडा थरथरवून वाळू उडवतो, ती त्याच्याच अंगावर बसते, आणि काही क्षणांत दोन डोळे आणि डोळ्यांमागची दोन छिद्रे एवढेच काय ते उघडे राहते. ही छिद्रे महत्त्वाची आहेत. तोंड आणि कल्ले खाली वाळूत दडलेले असताना श्वासासाठी लागणारे स्वच्छ पाणी मासा याच छिद्रांतून आत घेतो आणि कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. मुशीच्या काही जातींना श्वास चालू ठेवण्यासाठी सतत पोहावे लागते, गिटारफिश मात्र एका जागी पडून राहूनही श्वास घेऊ शकतो. जाळ्यातून जिवंत सुटण्याची त्याची शक्यता मुशीपेक्षा अधिक असण्याचे हे एक कारण आहे. सोंडेच्या खालच्या बाजूला सुईच्या टोकाएवढ्या असंख्य रंध्रांत जेलीसारखा पदार्थ भरलेला असतो, आणि त्यांच्या योगे वाळूत पुरून बसलेल्या खेकड्याच्या किंवा कोळंबीच्या शरीरातून निघणारे क्षीण विद्युत्प्रवाह त्याला जाणवतात. गढूळ पाण्यात डोळे निरुपयोगी ठरतात तेथे ही जाणीव उपयोगी पडते. पकडलेला खेकडा फोडायला दात टोकदार नसून फरसबंदीसारखे सपाट, जवळजवळ बसवलेले असतात.

महाराष्ट्र-गोव्याच्या पाण्यातील ज्या जातींची येथे विशेष दखल घ्यायची त्या दोन. ग्लॉकोस्टेगस ऑब्ट्युसस ही रुंद, बोथट सोंडेची आणि आकाराने लहान, जेमतेम तीन फुटांपर्यंत वाढणारी जात. ग्लॉकोस्टेगस ग्रॅन्युलेटस ही लांब, निमुळत्या सोंडेची, पाठीवर कण्याच्या रेषेत ठळक दाणे असलेली आणि दोन मीटरच्याही पुढे जाणारी. ‘ऑब्ट्युसस’ म्हणजे बोथट आणि ‘ग्रॅन्युलेटस’ म्हणजे दाणेदार, इतकी साधी ही नावे आहेत. यांच्याच शेजारचे कूळ वेजफिशचे, म्हणजे पाचरमाशाचे. ते अधिक मोठे, अधिक मुशीसारखे आणि परांच्या व्यापारात अधिक महाग. दोहोंतला भेद ओळखायचा तर पाठीवरचा पहिला पर कोठे सुरू होतो ते पाहावे : वेजफिशमध्ये तो पोटाकडच्या परांच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असतो, गिटारफिशमध्ये त्यांच्या बराच मागे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ, जो जगातील प्राणी-वनस्पतींच्या स्थितीची लाल यादी ठेवतो, त्याने २०१९ मध्ये वेजफिश आणि मोठे गिटारफिश या दोन कुळांतील १६ जातींची स्थिती तपासली, आणि एक जात वगळता उरलेल्या सर्व जाती ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात गेल्या. या वर्गानंतर जी पायरी उरते ती निसर्गातून नाहीसे होण्याचीच. समुद्री माशांची कुळेच्या कुळे अशी एका फटक्यात नाहीसे होण्याच्या अलीकडच्या पायरीवर जाऊन बसल्याचे उदाहरण विरळा.

हे कसे घडले हे समजून घ्यायचे तर माशाच्या विणीकडे पाहावे लागते. पापलेट, सुरमई, बोंबील ही मासळी अंडी घालते ती हजारांनी आणि लाखांनी. त्यांतली बहुतेक वाया गेली तरी उरलेल्या मूठभर पिल्लांवर वंश चालतो, आणि एका वर्षी मासेमारी जास्त झाली तरी पुढच्या दोन-तीन चांगल्या हंगामांत तूट भरून निघू शकते. गिटारफिश अंडी पाण्यात सोडत नाही. अंडी मादीच्या पोटातच उबतात, पिल्ले तेथेच बलकावर वाढतात आणि कित्येक महिन्यांनी पूर्ण घडलेली, आईची छोटी प्रतिकृती अशी, बाहेर येतात. एका वेळच्या पिल्लांची संख्या बोटांवर मोजण्याइतकीच असते. शिवाय प्रजननक्षम व्हायला या माशाला वर्षे लागतात. तेव्हा मादी सापडली की तिच्या पोटातली सगळी वीण तिच्याबरोबर गेली. बँकेच्या भाषेत सांगायचे तर बोंबलाच्या मासेमारीत व्याज काढले जाते, आणि या माशाच्या बाबतीत, तो कोणाला हवा असो वा नसो, थेट मुद्दलाला हात लागतो.

तो हवा असल्याने सापडतो असे बहुतेकदा नसतेही. कोळंबीसाठी तळ खरवडत ओढले जाणारे ट्रॉलचे जाळे वाळूत दडलेल्या कोणालाच वगळत नाही. खाडीच्या प्रवाहात रोवलेली डोल भरती-ओहोटीबरोबर जे येईल ते गिळते. पावसाळ्यानंतर किनाऱ्याजवळ लावलेल्या वावरी जाळ्यांतही पाचरीच्या आकाराचे हे डोके अडकते. अशा अनाहूत मासळीला ‘बायकॅच’, म्हणजे जाळ्यात आपसूक येणारी आनुषंगिक मासळी, म्हणतात. वेजफिश आणि मोठ्या गिटारफिशचे पर मात्र पूर्व आशियातील सुपाच्या व्यापारात सर्वांत उंची समजले जातात, त्यामुळे मोठा मासा सापडला तर तो सोडून देण्याला किंमत मोजावी लागते. भारताने २०१३ मध्ये पर कापून धड समुद्रात फेकण्यास बंदी केली आणि २०१५ मध्ये परांची निर्यातच बंद केली. लहान गिटारफिशला या व्यापारात फारसे मोल नाही; तो स्थानिक बाजारात स्वस्तात विकला जातो, खारवून वाळवला जातो किंवा खताच्या आणि कुटीच्या ढिगात जातो. घाटावरच्या आठवडी बाजारात सुक्या मासळीच्या पाटीत मुशी आणि पाकटाचे जे तुकडे दिसतात, त्यांत कोणता तुकडा कोणाचा हे विकणारी आणि घेणारी दोघींनाही सांगता येणे कठीण.

आकडेवारीचा पुरावा महाराष्ट्रापुरता आहे आणि तो बोलका आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे एस. जी. राजे आणि पी. यू. झकारिया यांनी मुंबईच्या पाण्यातील पाकटांच्या नऊ जातींवरील अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. १९९० ते २००४ या काळात ट्रॉलरवर येणाऱ्या पाकटांचे प्रमाण सुमारे ६३ टक्क्यांनी घटले, आणि तेही मासेमारीचा खटाटोप जवळजवळ दुप्पट झालेला असताना, असे त्यातून दिसले. या दोन आकड्यांना एकत्र ठेवले तरच त्यांचा अर्थ लागतो. खटाटोप जवळजवळ दुप्पट होऊनही मासे कमी मिळणे म्हणजे ते समुद्रातच कमी होणे. बाजारात पाकट दिसत होते, म्हणून कोणाला काही कमी झाल्यासारखे वाटले नाही. समुद्रातली घट बाजारातल्या टोपल्यांवरून कळत नाही, कारण टोपल्या भरण्यासाठी दरवर्षी जास्त डिझेल जाळले जात असते.

आता कायद्याकडे वळता येईल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मासे जवळजवळ नव्हतेच. वाघ आणि मोर ज्या अर्थाने वन्य, त्या अर्थाने मासळीही वन्य आहे, हे मानायला शासनाला बराच काळ लागला. २००१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने सगळेच कास्थिमत्स्य पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत, बसवले. या निर्णयाने सबंध किनाऱ्यावरची मुशी-पाकटाची मासेमारी एका रात्रीत गुन्हा ठरली, मच्छीमारांनी साहजिकच विरोध केला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात यादी आवरून दहा जातींवर आणण्यात आली. सगळ्यांना संरक्षण देऊन कोणालाच न मिळणे आणि निवडकांना देऊन तेवढ्यांना तरी मिळणे यांत दुसरा मार्ग शहाणपणाचा होता, यात शंका नाही. पण निवड करताना जे घडले ते शिकण्यासारखे आहे.

त्या दहांत वेजफिशची एक जात होती, रिंकोबेटस जिडेन्सिस. ‘जिडेन्सिस’ म्हणजे जेद्दाहचा. तांबड्या समुद्रातील त्या बंदराजवळ मिळालेल्या माशावरून फोर्सस्कॉल याच्या नावावर १७७५ मध्ये त्याचे वर्णन छापले गेले. त्यानंतर दोन शतके हिंदी महासागरात कोठेही ठिपक्यांचा मोठा वेजफिश मिळाला की त्याला हेच नाव लावण्याची सवय पडली. भारतीय किनाऱ्यावरच्या वेजफिशचे स्वतंत्र वर्णन १८०१ मध्येच झालेले होते, तमिळनाडूतील तरंगमबाडी येथे मिळालेल्या नमुन्यावरून, लेव्हिस या जातिनामाने. पण ते नाव जेद्दाहच्या नावाखाली गाडले गेले. एकविसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातील आणि अन्य अभ्यासकांनी या कुळाची पुन्हा छाननी केली तेव्हा असे दिसले की खरा जिडेन्सिस पश्चिम हिंदी महासागरापुरता, म्हणजे तांबडा समुद्र आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा या भागापुरता मर्यादित आहे, आणि भारतात मिळतात ते लेव्हिस आणि ऑस्ट्रेली या जातींचे मासे. याचा सरळ अर्थ असा की वीसएक वर्षे भारतीय कायदा ज्या माशाला वाघाच्या बरोबरीचे संरक्षण देत होता तो मासा भारताच्या पाण्यात नव्हता, आणि जो होता त्याचे नाव कायद्यात नव्हते. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, यादी बरीच वाढवली आणि गिटारफिशांपैकी काही जाती तीत प्रथमच आल्या. त्याआधी, २०१९ मध्ये, जिनिव्हाच्या परिषदेत वेजफिश आणि मोठे गिटारफिश यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ या कराराचे निर्बंध आले होते. कागद आता पुष्कळसा दुरुस्त झाला आहे.

तरीही प्रश्न उरतो, आणि तो अधिक मूलभूत आहे. नावाने दिलेले संरक्षण अमलात यायचे तर जाळे ओढणाऱ्याला, बंदरावरच्या मत्स्य विभागाच्या कर्मचाऱ्याला आणि वनरक्षकाला मासा ओळखता आला पाहिजे. पहिला पर पोटाच्या परावर की मागे, हे पहाटे चार वाजता, बर्फात दाबलेल्या मासळीत, लिलावाच्या गलबल्यात पाहता आले पाहिजे. शिवाय नावाने दिलेले संरक्षण मासा जाळ्यात आल्यानंतर सुरू होते. तोवर ट्रॉलच्या शेपटाकडच्या पिशवीत इतर मासळीच्या वजनाखाली तो तास-दोन तास चिरडला गेलेला असतो. या माशाला खरे साहाय्य करू शकते ती गोष्ट वेगळ्याच कायद्यात आहे, आणि गंमत अशी की तो कायदा करताना कोणाच्याही मनात गिटारफिश नव्हता.

१९७० च्या दशकात गोव्यात किनाऱ्याला लागून ट्रॉलर फिरू लागले तेव्हा रापणीवर, गोव्यात रांपण म्हणतात तिच्यावर, जगणाऱ्यांचे जगणे कठीण झाले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे : होडीतून अर्धवर्तुळात समुद्रात सोडायचे, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आणायचे आणि दोन्हीकडे पंधरा-वीस माणसांनी, कधी त्याहून अधिकांनी, ते सावकाश ओढून घ्यायचे. तिची धाव किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यापुरतीच असते. तोच पट्टा ट्रॉलरने विंचरून नेला तर रापणीला दोर ओढण्याचे श्रम उरतात, मासळी उरत नाही. मथानी साल्ढाणा आदींच्या नेतृत्वाखाली रांपणकारांनी मोर्चे काढले, उपोषणे केली, आणि १९८० मध्ये गोवा, दमण आणि दीव यांच्यासाठी सागरी मासेमारी नियमन कायदा झाला, ज्याच्या आधारे किनाऱ्यापासून पाच किलोमीटरचा पट्टा यांत्रिक ट्रॉलरना बंद ठरला. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. त्यात हद्द अंतराऐवजी खोलीने आखली गेली, आणि भागपरत्वे पाच ते दहा वाव पाण्याच्या आत ट्रॉलला मनाई आली. वाव म्हणजे दोन्ही हात पसरून होणारे, साधारण सहा फुटांचे माप.

ही रेषा गरीब मच्छीमाराच्या पोटासाठी आखली गेली. परंतु गिटारफिश जेथे विश्रांती घेतो, खातो आणि जेथे त्याची पिल्ले पहिली काही वर्षे काढतात, तो वाळूचा उथळ पट्टा बव्हंशी याच रेषेच्या आत येतो. नावाच्या यादीत मासा चुकीचा निघाला तर संरक्षण फुकट जाते, रेषा मात्र आत कोण आहे हे विचारत नाही. ट्रॉलर आत आला की नाही एवढेच पाहावे लागते, आणि ते किनाऱ्यावर उभ्या असलेल्या कोणालाही दिसते. मालवणच्या किनाऱ्यावर ते अनेकदा दिसतेही, आणि पारंपरिक मच्छीमार व मोठ्या यांत्रिक नौका यांच्यातील तिथला संघर्ष त्यातूनच धुमसत राहिला आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरात नेण्यात आला. जैवविविधतेच्या रक्षणाची भाषा बोलणाऱ्या शहरी मंडळींनी मच्छीमारांच्या या जुन्या लढ्याकडे रोजीरोटीचे भांडण म्हणून पाहिले, आणि मच्छीमारांनी संरक्षण म्हणजे आणखी एक बंदी असे मानले. दोघांची रेषा एकच आहे हे दोघांच्याही लक्षात यायला हवे होते. मालवण येथे १९८७ मध्ये २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा स्थानिकांना विश्वासात घेण्याऐवजी नकाशावर चौकट काढण्याची घाई झाली. त्या अविश्वासाची सावली अजून सरलेली नाही.

पावसाळी मासेमारी बंदीचेही थोडे सांगितले पाहिजे. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौका बंद असतात. अंडी घालणाऱ्या माशांना आणि खवळलेल्या समुद्रापासून माणसांना ही बंदी वाचवते. पण ज्या मादीचे गर्भारपण कित्येक महिन्यांचे आहे तिला दोन महिन्यांची सुट्टी म्हणजे प्रवासात मिळालेला थांबा. बंदी उठल्याच्या पहिल्या आठवड्यांत जाळ्यांची जी झुंबड उडते, तिच्यात हा थांबाही वसूल होतो.

जाळ्यातच बदल करण्याचा एक मार्ग आहे, ज्याची चर्चा कासवांच्या निमित्ताने झाली. ट्रॉलच्या पिशवीच्या तोंडाशी गजांची तिरपी जाळी बसवायची, म्हणजे कोळंबी गजांमधून आत जाते आणि कासव गजांवर आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर कोळंबीच्या ताफ्याला ही साधने सक्तीची झाल्यावर पाकटांचे सापडणे सुमारे एकतृतीयांशाने घटले, असे तिथल्या अभ्यासात आढळले. मोठ्या पाकटाला आणि मोठ्या गिटारफिशला याचा लाभ होतो. पिल्ले मात्र निमुळती असल्याने गजांमधून सहज आत जातात, आणि करवत माशाची सोंड तर झडपेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच जाळ्यात गुंतते. करवत मासा जगातल्या ज्या सुमारे ९० देशांच्या किनाऱ्यांवर होता त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत आज तो उरलेला नाही, यात या सोंडेचा वाटा मोठा आहे.

जाळे बदलून मिटवता न येणारा धोका अधिवासाचा आहे. जावा बेटाच्या किनाऱ्यावरील एक लहान पाकट, युरोलोफस जावानिकस, १८६२ मध्ये जकार्ताच्या मासळीबाजारात एकदा मिळाले. त्या एका नमुन्यावरून त्याचे वर्णन झाले आणि नंतर ते कोणालाही दिसले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निसर्ग संवर्धन संघाने ते नामशेष झाल्याचे जाहीर केले. माणसाच्या कृत्यांमुळे नामशेष ठरलेला तो पहिला समुद्री मासा होय. अनिर्बंध मासेमारी हे एक कारण, आणि जकार्ता उपसागराचा किनारा उद्योगांनी व्यापला जाणे हे दुसरे. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील वाढवण येथील ज्या बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, त्याच्या आराखड्यात १,४४८ हेक्टर समुद्र भराव टाकून जमीन करण्याची तरतूद आहे. चाकण-तळेगाव पट्ट्यात तयार होणारी वाहने आणि यंत्रे अशाच बंदरांतून परदेशी जातात, म्हणून हा प्रश्न केवळ डहाणूच्या मच्छीमारांचा मानणे सोयीचे असले तरी प्रामाणिकपणाचे नाही. जादा मासेमारी थांबली तर मासा, सावकाश का होईना, परत येण्याची आशा असते. बुजवलेल्या वाळूवर परत येण्याला जागा राहत नाही.

सुटकेची सर्वांत स्वस्त व्यवस्था रापणीवरच आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून कांदळवन कक्ष आणि मत्स्य विभाग यांनी एक योजना राबवली आहे, जिच्यात संरक्षित समुद्री प्राणी सोडून देताना जाळे कापावे लागले तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासवे, देवमुशी आणि गिटारफिश अशा प्राण्यांना या योजनेखाली पुन्हा समुद्रात सोडण्यात आले आहे. रापणीत जाळे कापण्याचाही प्रश्न सहसा येत नाही. दोन्ही बाजूंचे दोर जवळ येत जाळ्याचा मधला खोलगट भाग लाटेच्या फेसात येतो तेव्हा पेडवे आणि तारली आत तडफडत असतात, आणि त्यांच्या खाली, तळाशी, गिटारफिश बहुधा निश्चल पडलेला असतो, जणू अजून वाळूतच आहे. काटा त्याला नसतो, त्यामुळे हाताळायला भीती नाही. शेपटीला धरून लोंबकळत न नेता एक हात सोंडेमागे आणि एक पोटाखाली घालून त्याला गुडघाभर पाण्यापर्यंत न्यावे लागते. पाण्यात ठेवल्यावर तो लगेच पळत नाही. डोळ्यांमागची छिद्रे उघडमीट करतात, कल्ल्यांतून पाणी बाहेर पडते, परांच्या कडांना थरथर सुटते, वाळूचा एक छोटा लोट उठतो, आणि तो खाली बसेपर्यंत मासा कोठे होता ते सांगता येत नाही.